कॅरोलाइनबाईंचं दप्तर आणि आपला माळा

वाचकांचे प्रश्न, काकूंची उत्तरं

प्रश्न : काकू, नमस्कार. मी चिपळूणला एका महाविद्यालयात इंग्रजी शिकवते. पीएचडीसाठी कॅरोलाइन ली हेंट्झ ही एकोणिसाव्या शतकातली, अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत राहून लिहिणारी कादंबरीकार घेतली आहे. तिचे आणि तिच्या घरच्यांचे कागद नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात जपून ठेवलेले आहेत. चिपळुणात बसून मला त्यांचा किती उपयोग होईल? शिवाय आमचे एक ज्येष्ठ सहकारी म्हणतात, गुलामगिरीची वकिली करणाऱ्या बाईच्या कागदांत डोकं घालून काय मिळणार? त्यांना काय सांगू?
– एक प्राध्यापिका, चिपळूण

उत्तर : आधी सहकाऱ्यांचं बघू. त्यांचं निम्मं म्हणणं खरंच आहे. हॅरिएट बीचर स्टोवची ‘अंकल टॉम्स केबिन’ ही गुलामगिरीविरोधी कादंबरी १८५२ साली पुस्तक म्हणून आली आणि उत्तरेत रान पेटलं. त्यावर दक्षिणेतून उत्तरादाखल कादंबऱ्यांची रांगच लागली. त्यातली एक ठळक कादंबरी तुमच्या हेंट्झबाईंची, ‘द प्लँटर्स नॉर्दर्न ब्राइड’, १८५४ची. उत्तरेतल्या एका कट्टर गुलामगिरीविरोधी गृहस्थाची मुलगी दक्षिणेतल्या मळेवाल्याशी लग्न करते आणि सासरी जाऊन बघते तर काय, मालक मायाळू आणि गुलाम सुखात! वाचताना माझा जीव पुन्हा पुन्हा वर-खाली झाला. बाई लिहितात चांगलं, हे त्यातलं आणखी वाईट.

पण ही बाई जन्माने दक्षिणेची नाही, हे तुमच्या सहकाऱ्यांना ठाऊक आहे का विचारा. ती १८०० साली उत्तरेत, मॅसॅच्युसेट्समधल्या लँकेस्टर गावी जन्मली. नवरा निकोलस मार्सेलस हेंट्झ हा मूळचा फ्रान्सचा. भाषा शिकवायचा, लहान लहान चित्रं रंगवायचा आणि कोळ्यांच्या मागे वेडा होता (आठ पायांचे कोळी, आपल्या बंदरावरचे नव्हेत). अमेरिकेतल्या कोळ्यांवर पद्धतशीर काम करणारा तो पहिला अभ्यासक मानतात. त्याचं लेखन एकत्र छापलं गेलं ते १८७५ साली, तो जाऊन जवळजवळ वीस वर्षं झाल्यावर. १८२६च्या सुमारास हे जोडपं नॉर्थ कॅरोलायनातल्या चॅपेल हिलला आलं. नवरा तिथल्या विद्यापीठात प्राध्यापक.

त्या गावात दर आठवड्याला शेजारच्या चॅटम परगण्यातून एक गुलाम माणूस पायी यायचा. फळं विकायला. नाव जॉर्ज मोझेस हॉर्टन. वाचायला तो आपलं आपण शिकला होता, लिहिता येत नव्हतं. पण कविता तोंडपाठ रचायचा. कॉलेजातली पोरं त्याच्याकडून आपल्या मैत्रिणींसाठी प्रेमकविता करून घेत आणि पंचवीस ते पंचाहत्तर सेंट देत. हेंट्झबाईंनी त्याला लिहायला शिकवलं आणि त्याच्या कविता आपल्या माहेरगावच्या वर्तमानपत्रात छापायला पाठवल्या. १८२९ साली त्याचं ‘द होप ऑफ लिबर्टी’ हे पुस्तक रॅलेला छापलं गेलं. त्याच्या विक्रीतून त्याची सुटका विकत घ्यायची असा बेत होता. पैसे पुरेसे जमले नाहीत. हॉर्टन मोकळा झाला तो १८६५ साली, यादवी युद्धाच्या शेवटी उत्तरेचं सैन्य आल्यावर.

हॉर्टनने पुढे १८४५च्या आपल्या कवितासंग्रहाला छोटं आत्मवृत्त जोडलं. त्यात बाईंची आठवण आहे. त्यांचं पहिलं मूल गेलं तेव्हा त्याने त्यावर विलापिका रचली. तो सांगत गेला, बाई लिहून घेत गेल्या, आणि लिहिता लिहिता त्यांना रडू आवरेना. बाईंचा गुलामाशी असलेला व्यवहार गुलामाच्या बाजूने सांगितलेला आपल्याला वाचायला मिळतो, असं त्या काळात फार क्वचित घडतं. हे आत्मवृत्त त्याच विद्यापीठाच्या ‘डॉक्युमेंटिंग द अमेरिकन साउथ’ या संकेतस्थळावर फुकट आहे. आज रात्रीच वाचा.

आता सहकाऱ्यांना विचारा : जिने गुलामाचं दुःख आपल्या हाताने कागदावर उतरवून घेतलं, ती पंचवीस वर्षांनी ‘गुलाम सुखात आहेत’ असं दोन भागांत कसं लिहिते? सिनसिनाटीत असताना ती आणि पुढे ‘अंकल टॉम्स केबिन’ लिहिणारी हॅरिएट बीचर स्टोव एकाच वाङ्मयप्रेमी मंडळात बसत होत्या. म्हणजे माहिती नव्हती असं म्हणायची सोय नाही. हा तुमच्या प्रबंधाचा प्रश्न आहे, आणि तो नुसत्या कादंबऱ्या वाचून सुटणार नाही.

कागदांतून सरळ उत्तर मिळेल असंही समजू नका. ‘आजपासून मी गुलामगिरीची बाजू घेतली’ असं कुणी रोजनिशीत लिहीत नाही. मिळतं ते वेगळंच. हेंट्झबाईंची १८३६ सालची रोजनिशी त्या संग्रहात आहे, अलाबामातल्या फ्लॉरेन्स गावची. नवरा-बायको तिथे मुलींची शाळा चालवत होती. शिकवणं, घरात राहायला असलेल्या मुली, स्वतःची लेकरं, हा सगळा रगाडा, आणि त्यातून लिहायला वेळ काढायचा. फ्लॉरेन्सनंतर टस्कलूसा, टस्कीगी, जॉर्जियातलं कोलंबस आणि शेवटी फ्लोरिडातलं मरियाना. बिऱ्हाड सतत पाठीवर. पुढे नवरा आजारी पडला तेव्हा घर चाललं ते बाईंच्या कादंबऱ्यांवर. दक्षिणेत राहायचं, दक्षिणेतल्याच आईबापांनी विश्वासाने पाठवलेल्या मुलींच्या फीवर जगायचं, पुस्तकं मात्र फिलाडेल्फियात छापून उत्तरेतही खपवायची. माझं मत विचाराल तर मनपरिवर्तनापेक्षा या हिशेबात जास्त शोधा. त्यांना माफ करण्यासाठी नव्हे. चांगली माणसं पायरीपायरीने कुठे जाऊन बसतात ते दिसावं म्हणून.

आता कामाचं. त्या संग्रहाचं नाव नीट वाचा : ‘हेंट्झ फॅमिली पेपर्स’. बाईंच्या नावाचा संग्रह नाही, घराण्याचा आहे. त्यांच्या स्वतःच्या हातची एक रोजनिशी आणि थोडं बाकीचं. मोठा ऐवज मुलाचा, चार्ल्स हेंट्झचा. तो डॉक्टर होता. त्याने तरुणपणापासून रोजनिशी ठेवली आणि म्हातारपणी आत्मचरित्र लिहिलं. ते दोन्ही २००० साली संपादित होऊन छापलेलं आहे. ‘अ सदर्न प्रॅक्टिस’ नावाने शोधा, तुमच्या ग्रंथपालांना मागवायला सांगा. आईविषयी सगळ्यात जिवंत मजकूर तुम्हाला या डॉक्टर मुलाच्या लिखाणात सापडेल. बाळंतपणं, ताप, फ्लोरिडातल्या वाटा यांच्या अधेमधे. लेखिकेच्या नावाची फाइल तेवढी उघडून बाकीची बंद ठेवणारा अभ्यासक हात हलवत परत येतो.

हे कागद जिथे आहेत ते दालन म्हणजे ‘सदर्न हिस्टॉरिकल कलेक्शन’, १९३० साली सुरू झालेलं. त्याचा संस्थापक हॅमिल्टन हा इतिहासाचा प्राध्यापक मोटार घेऊन दक्षिणभर घराघरांत फिरला, लोकांच्या माळ्यांवरून पेट्या उतरवल्या आणि गाडी भरभरून कागद आणले. लोकांनी त्याचं टोपणनाव ठेवलं होतं ‘रॅन्सॅक’, म्हणजे उचकपाचक करणारा. आपल्याकडे इतिहासाचार्य राजवाडे असेच दारोदार फिरले, एवढं म्हणून पुढे जाते, नाहीतर मी त्यांच्यावरच पानं भरीन.

संग्रहाची तपशीलवार यादी इंटरनेटवर सगळ्यांना खुली आहे. कुठल्या पेटीत, कुठल्या फोल्डरमध्ये काय, ते कळतं. यादी छापून घ्या, हवे ते फोल्डर खुणा करून ठेवा आणि मगच तिथल्या वाचनकक्षाला ईमेल करा. ‘हेंट्झबद्दल सगळं पाठवा’ असं लिहिलंत तर सौजन्याचं, पण रिकामं उत्तर येईल. ‘अमुक फोल्डर, १८३६ची रोजनिशी, अमुक महिन्याची पानं’ असं लिहा. प्रती काढायला पैसे पडले तर ते पीएचडीच्या खर्चात धरा.

आणखी एक. हॉर्टनला हेंट्झच्याच दप्तरात शोधू नका. त्याने १८५३ साली न्यूयॉर्कचा नामांकित संपादक होरेस ग्रीली याला पत्र लिहिलं. माझी सुटका विकत घ्यायला मदत करा, अशी कवितेतली विनवणी त्यात होती. पत्र पुढे पाठवायला म्हणून त्याने विद्यापीठाचे अध्यक्ष डेव्हिड स्वेन यांच्या हाती दिलं. स्वेननी ते कधीच पाठवलं नाही. म्हणून ते आज स्वेनच्या कागदांत आहे. पोचलं असतं तर कदाचित हॉर्टन सुटला असता आणि पत्र हरवलं असतं. ज्याचं घरच नव्हतं त्याचे ‘घराण्याचे कागद’ कुठून येणार? ते असे दुसऱ्यांच्या गाठोड्यात अडकलेले असतात. सहकाऱ्यांना हे अवश्य सांगा. मालकांची दप्तरं वाचल्याशिवाय गुलामांचे कागद हाती लागत नाहीत.

*

प्रश्न : देवगडजवळ आमचं जुनं घर आहे. यंदा गणपतीआधी माळा साफ करताना पणजीच्या हातच्या गोष्टी सापडल्या, बाळबोध अक्षरात. एक अर्धीमुर्धी कादंबरीच म्हणा ना. बहुतेक मजकूर पणजोबांच्या खोतीच्या हिशेबाच्या पाठकोऱ्या कागदांवर आहे. बरोबर मोडीतले आणखी पुष्कळ कागद, मनीऑर्डरच्या पावत्या, किराणा, पत्रं. मुंबईचा भाऊ म्हणतो, गोष्टी टाइप करून घेऊ आणि बाकीचं न्हाणीच्या चुलाणात घालू. वाळवीचीही भीती आहे. काय करावं?
– एक वाचक, देवगड तालुका

उत्तर : चुलाणात भावाचे जुने इन्कमटॅक्सचे कागद घाला आणि पाणी तापवा. पणजीच्या एकाही कागदाला हात लावू देऊ नका.

तुमच्या घरात तर निवाडा आधीच झालेला आहे, कारण एका बाजूला गोष्ट आणि दुसऱ्या बाजूला हिशेब. काय जाळणार? गोष्टीवर तारीख नसेल, हिशेबावर असणारच. शके, महिना, तिथी. म्हणजे पणजीने अमुक पान अमुक सालाच्या आधी लिहिलेलं नाही, एवढं तर उलट्या बाजूवरून ठरतं. बाईला कोरा कागद मिळत नव्हता, की ती लपून लिहीत होती, की घरात काटकसरच तशी होती, हेही कागद एकत्र राहिले तरच कधीतरी कळेल. किराण्याच्या यादीत घासलेट किती, शाईची पुडी कधी, टाकाची निबं कधी, ते बघा. पोस्टाचा खर्च बघा. पोस्टकार्ड आपल्याकडे १८७९ साली आलं, पाव आण्याला. महिन्याकाठी घरात कार्डं किती येत होती, ती कुणाच्या नावे, यावरून बाईचा बाहेरच्या जगाशी किती संबंध होता ते उमगतं. पुण्या-मुंबईच्या एखाद्या मासिकाची वर्गणी लागली असेल तर मला ताबडतोब कळवा!

वर चिपळूणच्या ताईंना लिहिलं ते तुम्हीही वाचा. त्या हेंट्झबाईंची रोजनिशी टिकली ती घरच्या सगळ्या कागदांबरोबर. ‘आईचं साहित्य’ निवडून बाकीचं फेकणारा मुलगा असता तर संशोधकांच्या हाती काय लागलं असतं?

आता खोतीचं. हा विषय नाजूक आहे म्हणून भाऊ घाई करतोय, असा मला वास येतो. त्या हिशेबात कुळांची नावं असतील, मक्ता असेल, कोणाकडून भात किती, नारळ किती, कोण बाकीदार, वेठीला कोण आलं. खोतीविरुद्ध डॉ. आंबेडकरांनी १९३७ साली मुंबईच्या विधिमंडळात विधेयक आणलं. त्याआधीपासून अलिबागेकडे चरीच्या शेतकऱ्यांचा संप चालू होता. आणि खोती कायद्याने गेली ती १९४९च्या कायद्यानंतर. ज्यांनी ती सोसली त्यांच्या घरी माळाही नव्हता आणि पेटाराही. त्यांच्या आज्या-पणज्यांची नावं आज कुठे लिहिलेली असतील तर तुमच्या पणजोबांच्या चोपडीत. पणजीच्या गोष्टीत भात कांडणारी बाई आली असेल, तर पान उलटून बघा, ती नावानिशी भेटेल. तुमच्या गावातल्या कुणाला उद्या आपलं घराणं शोधायचं असेल तर तो तुमच्याच दारी येणार. तेव्हा ‘जाळलं’ म्हणून सांगायचं?

जमिनीचे जुने कागद बाहेर आले की भाऊबंदकी उठते, ही धास्ती खोटी नाही. त्यावर उपाय साधा. हद्दीचे, वाटपाचे, कोर्टाचे कागद दिसतील त्यांची जागा लिहून ठेवा, त्यांच्या प्रती काढा आणि मूळ कागद घरातल्या सर्वांना माहीत असेल अशा एकाच जागी ठेवा.

हात लावण्याआधी फोटो काढा. पेटारा उघडल्यावर जसा दिसतो तसा, मग प्रत्येक गाठोडं सोडण्याआधी. कुठल्या गाठोड्यात काय होतं हा क्रम एकदा मोडला की मोडला. तो सांगणारं आता कुणी उरलेलं नाही. गाठोड्यांना शिसपेन्सिलीने नंबर द्या, पेनाने नको. टाचण्या गंजल्या असतील तर ओढू नका, एका बाजूने अलगद सैल करा. सेलोटेप अजिबात नको, लॅमिनेशन तर मुळीच नको. लॅमिनेशन करून आणलेले सुंदर पोथीचे कागद मी पुढे पिवळे पडून आतल्या आत कुजलेले पाहिले आहेत. ते कुणालाच सोडवता येत नाहीत.

आपल्याकडे शत्रू दोन : ओल आणि वाळवी. बोरूची काजळी शाई शेकडो वर्षं काळी राहते, पण पाणी लागलं की फुटते. नंतरची विलायती पद्धतीची लोखंडी शाई पाण्याला जरा बरी, पण कागद खाते. अक्षरांच्या जागी जाळी पडलेली दिसेल ती त्याच शाईची. म्हणून पुसू नका, ओल्या फडक्याचा विचारही नको, मऊ ब्रशने धूळ काढा. पानं चिकटली असतील तर ओढू नका. सावलीत, हवेशीर पडवीत, दसरा-दिवाळीच्या कोरड्या दिवसांत पसरा. उन्हात नको.

बांधायला मांजरपाट घ्या, पण आधी दोन-तीनदा गरम पाण्यात धुवून खळ पार काढून टाका. खळ म्हणजे कसरीला मेजवानी. जुन्या दप्तरखान्यांत कागद कापडी रुमालात बांधायचे ते काही उगीच नव्हे. कापड श्वास घेतं, प्लॅस्टिकच्या पिशवीत घाम धरतो. रुमाल पत्र्याच्या पेटीत, पेटी भिंतीपासून हातभर दूर, खाली लाकडाऐवजी विटा किंवा लोखंडी घोडा. डांबरगोळ्या कागदाला चिकटतील अशा टाकू नका, पुरचुंडी करून कोपऱ्यात ठेवा. ओला कडुलिंब नको, पानांच्या ओलीनेच बुरशी येते. वेखंडाची कोरडी पुरचुंडी चालेल. आणि सगळ्यात मोठा उपाय : पावसाळ्याआधी एकदा, नंतर एकदा पेटी उघडा. वाळवी बंद पेटीला घाबरत नाही. माणसाची ये-जा असली की तिची माती लवकर दिसते.

आमच्याकडे मालवणला मी हे उद्योग पडवीत करत बसते, तेव्हा शेजारीण जाता-येता विचारते, “काकी, ह्या कागदांचा काय लोणचा घालतलंस?” तिला मी एकदा तिच्याच सासऱ्यांची सही एका जुन्या करारावर दाखवली. तेव्हापासून ती वाळवीचं औषध कुठे मिळतं ते मला सांगत असते.

*

प्रश्न : आजेसासूबाईंची १९४२ सालची रोजनिशी घरात आहे, पेन्सिलीने लिहिलेली, त्रोटक. त्यांनीच म्हातारपणी ती पुन्हा सुवाच्य अक्षरात लिहून काढली, पण त्यात संवाद आहेत, वर्णनं आहेत, काही माणसं गाळली आहेत. दुसरी प्रत खोटी समजायची का?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : अजिबात नाही. पण दोन्ही प्रती एकत्र मिसळून तिसरी मात्र करू नका, तो मोह फार होतो.

दक्षिण कॅरोलायनातल्या मेरी बॉयकिन चेस्नट यांची गोष्ट इथे उपयोगी पडेल. नवरा दक्षिणेच्या सरकारातला बडा माणूस. १८६१ ते १८६५ या यादवी युद्धात बाईंनी रोजनिशी लिहिली. युद्धानंतर घर बुडालं. त्यांनी कादंबऱ्या लिहून पाहिल्या, त्या पुऱ्या झाल्या नाहीत. मग १८८०नंतर जुन्या रोजनिश्या पुढ्यात घेऊन त्यांनी सगळं पुन्हा लिहिलं. संवाद घातले, प्रसंग फुलवले, स्वतःचे काही कडू शेरे कमी केले, पण रोजनिशीचं रूप कायम ठेवलं, जणू त्याच दिवशी लिहिलंय. १८८६ साली त्या गेल्या. कागद एका मैत्रिणीच्या स्वाधीन. १९०५ साली त्याचं काटछाट केलेलं पुस्तक निघालं, १९४९ साली दुसरं. वाचकांना वाटत राहिलं की ही युद्धाच्या धामधुमीतली जशीच्या तशी रोजनिशी आहे.

१९८१ साली व्हॅन वुडवर्ड या इतिहासकाराने हस्तलिखितं ताडून मोठी आवृत्ती काढली, आणि कुठला मजकूर तेव्हाचा, कुठला नंतरचा हे दाखवलं. तिला पुढच्या वर्षी पुलित्झर मिळालं. ‘फसवणूक!’ म्हणून काही लोक ओरडले. मला त्यांचं पटत नाही. चाळिशीच्या आसपासची नाही, साठीच्या जवळची बाई मागे वळून आपल्याच नोंदी पाहते आणि कादंबरीकाराच्या हाताने त्यांना रूप देते, हे वेगळं साहित्य आहे. फक्त ते काय आहे ते वाचणाऱ्याला सांगायला हवं. १९८४ साली मूळ रोजनिश्याही स्वतंत्र छापल्या गेल्या, आता ज्याला हवं त्याने शेजारी शेजारी ठेवून वाचावं.

तुम्हीही तेच करा. पेन्सिलीची प्रत आधी स्कॅन करा, कारण पेन्सिल घासून जाते. दोन्हींना वेगळी नावं द्या. आणि आजेसासूबाईंनी कोण गाळलं त्याची यादी करा. १९४२ साली घरात येऊन जेवून गेलेला, आणि म्हातारपणीच्या प्रतीत नसलेला माणूस कोण, हे शोधताना तुम्हाला घरातल्या वयस्क मंडळींशी दोन-चार दुपारी बोलावं लागेल. बोला. अशी माणसं नंतर मिळत नाहीत.

*

प्रश्न : आईच्या पत्रांमध्ये वडिलांच्या संशयी स्वभावाबद्दल फार स्पष्ट लिहिलंय. आई थोडंफार लिहायची, छापून यायचं. पत्रं ठेवावीत की नष्ट करावीत? बहिणीला वाटतं, आईची अब्रू राखली पाहिजे.
– नाव नको, वेंगुर्ले

उत्तर : ठेवा. आज कुणाला दाखवू नका एवढंच.

वरच्या हेंट्झबाईंच्याच घरात हे घडलं होतं. सिनसिनाटीत एका कर्नलसाहेबांनी बाईंकडे चिठ्ठी पाठवली, नवऱ्याला ती कळली, प्रकरण द्वंद्वापर्यंत आलं आणि घाईघाईने बिऱ्हाड अलाबामाला हललं. हे आपल्याला कळतं ते डॉक्टर मुलाने आत्मचरित्रात लिहून ठेवलं म्हणून. बाईंची शेवटची कादंबरी ‘अर्नेस्ट लिनवुड’, त्या गेल्या त्याच साली, १८५६ला आली. तिच्यात बायकोवर वेड्यासारखा संशय घेणारा नवरा आहे. मुलाने आईची अब्रू राखायची म्हणून ते पान गाळलं असतं, तर वाचकाला वाटलं असतं की ही नुसती भडक कल्पना. ज्या गोष्टीने आईची अब्रू जाईल असं मुलांना वाटतं, ती आईने स्वतः कादंबरीत घालून विकायला काढलेली असते, हेही लक्षात घ्या. तुमच्या आईंच्या छापील कथा पुन्हा एकदा वाचा बघू.

पत्रं लिफाफ्यात घाला, वर ‘अमुक सालापर्यंत उघडू नये’ असं लिहा आणि बहिणीची सही घ्या. संग्रहालयाला किंवा ग्रंथालयाला द्यायची असतील तर अशी अट लेखी घालता येते. साल मात्र वाजवी धरा. वडिलांना ओळखणारी माणसं हयात असेपर्यंत ठीक. त्यापुढे शंभर वर्षं ताणू नका, तोवर आपली कसर वाचून संपवील.

*

प्रश्न : मोडी शिकायला कुठून सुरुवात करावी?
– एक वाचक, गुहागर

उत्तर : पुराभिलेख विभागाचे आणि पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाचे वर्ग होतात, चौकशी करा. तोवर घरच्या कागदांवर अक्षरं सोडून आधी आकडे आणि तारखा ओळखायला शिका. ते सगळ्यात लवकर जमतं आणि निम्मा कागद उलगडतो. इसवी सन काढायला शके असेल तर ७८ मिळवा, वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत ७९. सुहूर सन (जुन्या मराठी कागदांतली अरबी कालगणना) दिसला तर ५९९ किंवा ६००, महिन्यावर अवलंबून. फसली (महसुलाचं साल) असेल तर आपल्याकडे ५९० किंवा ५९१, तेही महिन्यावर. सालं अरबी शब्दांत लिहिलेली असतील तर घाबरू नका, ठरावीक शब्द आहेत, एका कागदावर लिहून भिंतीला लावा.